एकतीस नंबरचा नग

"सेहेचाळीस," ड्रायव्हर म्हणाला.

"सत्तेचाळीस," मी म्हणालो.

"काका, गाडी रिकामी झाली. आत फक्त ताडपत्री आहे आणि मी आहे."

"मग तुला धरून सत्तेचाळीस भरतात का बघ."

सांगलीतल्या नव्या घराच्या दारात उभे असलेले दोन्ही हमाल हसले. मीही हसलो. त्या घटकेपर्यंत मला वाटत होतं, मोजण्यात चूक झाली असेल. पण एसटीत माझी तीस वर्षं गेलेली, त्यातली अठरा परभणीच्या स्टँडावर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाड्या, माणसं, टपावरची ओझी यांची मोजदाद करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. प्रत्येक खोक्यावर, प्रत्येक पोत्यावर लाल खडूनं आकडा टाकलेला होता आणि यादी माझ्या खिशात होती. एकेका नगाला हात लावत मी घरभर फिरलो. तीस होता. बत्तीस होता. एकतीस नव्हता.

यादीत लिहिलं होतं, '३१ : लोखंडी ट्रंक, निळी, कुलूपबंद.'

मग मात्र मी धोतर खोचून त्या वयात ट्रकच्या हौद्यात चढलो. ताडपत्री उलटीपालटी केली. फळ्यांच्या फटीतही बघितलं. ट्रंक काय फटीत जाणार आहे? पण माणूस बघतो.

"अहो, उतरा खाली," कुमुद दारातून म्हणाली. "राहिली असेल परभणीलाच."

"राहील कशी? लिंबाजी मुकादमानं टिक केलीय. ही बघ."

माझ्या बायकोनं ती यादी काही बघितली नाही. ती आत गेली आणि गॅसची शेगडी कुठल्या खोक्यात आहे ते शोधायला लागली.

ड्रायव्हरनं पावती पुढं केली. "सही करा काका, मला मुक्कामाला कराड गाठायचंय."

मी सही केली, पण सहीच्या आधी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एक नग कमी. क्र. ३१ मिळाला नाही.' खाली तारीख आणि वेळ.

"हे काय लिहिलंत? मला शिव्या बसतील तिकडं."

"तुला नाही बसणार. ज्याला बसायच्या त्याला बसतील."

पुढं सगळ्यांनी माझी पाठ थोपटली ती ह्याच एका ओळीसाठी. सामान उतरलं की लोक गडबडीत 'सर्व मिळाले' वर सही करून मोकळे होतात आणि मग कपाळाला हात लावतात. मी लावला नाही. सामान हलवणाऱ्या त्या कंपनीचं नाव मात्र मी सांगणार नाही. का, ते पुढं कळेल.

*

माझ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. परभणीत मला मुकुंदराव उदगीरकर म्हणून फार थोडे लोक ओळखत. 'बिबट्यावाले काका' म्हटलं की रिक्षावाला थेट घरापाशी आणून सोडायचा.

त्याचं असं की गाडी दोन-दोन तास उशिरा यायची आणि लोक नियंत्रकाच्या खिडकीवर चाल करून यायचे. त्यांना द्यायला माझ्याकडं गाडी नसायची. गोष्ट असायची. जिंतूरची गाडी का थांबली? तर घाटात एक बिबट्या गाडीत चढला आणि रिकामी सीट बघून खिडकीशी बसला. कंडक्टर नवा, नियमाचा पक्का. त्यानं तिकीट मागितलं. आता भांडण असं की बिबट्याला पूर्ण तिकीट लावायचं की अर्धं... एवढ्यात गाडी यायचीच. गोष्ट अर्धीच राहायची आणि लोक हसत हसत चढायचे. गोष्टीचा शेवट असा कधी मला लागलाच नाही.

सामान भरायच्या दिवशीही तेच. लिंबाजी गाडेकर हा मुकादम, पन्नाशीचा, कानात बाळी, हातात यादी. त्याच्याबरोबर चार हमाल. त्यांना चहा देऊन मी ओट्यावर बसलो आणि बिबट्याला गाडीत चढवला. गाडी एवढी छान भरत होती, माणसं एवढी हसत होती की बिबट्याचं तिकीट अर्धवट सोडून मी आणखी एक सुरू केली.

*

सांगलीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत ग्राहकांना सल्ला देणारं एक केंद्र चाले. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा. तिथं वृंदाताई कानडे बसत. निवृत्त मुख्याध्यापिका, टेबलावर लाल पेन्सिल, टोक दोन्हीकडून केलेलं.

मी तक्रारीचा मसुदा घेऊन गेलो. अकरा पानं.

त्यांनी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. "'महोदय, ज्या दिवशी सूर्याने उगवायलाच नको होते, त्या अभद्र दिवशी आपल्या लुटारू टोळीने...' उदगीरकर, सूर्याविरुद्ध तक्रार करायची आहे की कंपनीविरुद्ध?"

"जरा जोर यावा म्हणून."

"जोर तारखेत असतो. कुठल्या तारखेला सामान भरलं?"

"सात जून."

"पोचलं?"

"नऊ जून, दुपारी सव्वातीन."

"झालं की. एवढंच लिहायचं." लाल पेन्सिल सूर्यावरून फिरली. मग टोळीवरून. मग पुढच्या तीन पानांवरून. "बिल्टी, मालाची पावती आहे? यादी आहे? मूळ प्रत त्यांना पाठवायची नाही, झेरॉक्स पाठवायची. नग कमी असल्याचा शेरा आहे? वा, हे उत्तम केलंत. ह्या एका ओळीवर केस उभी राहते. आता मला सांगा, मुकादमानं नग मोजून टिक केली ती तुमच्या समक्ष?"

"समक्ष."

"नक्की?"

"मी तिथंच होतो," मी म्हणालो. होतोच. ओट्यावर होतो.

त्यांनी लिहिलं, 'तक्रारदाराच्या समक्ष मोजून.'

"आता ट्रंकेत काय होतं?"

ह्याची मी वाटच बघत होतो. "ट्रंक माझ्या मुलाची. शिरीषची. मर्चंट नेव्हीत कॅप्टन आहे. त्याचं चांदीचं होकायंत्र, आखातातले मोती, एका बंदराच्या हाकिमानं भेट दिलेली..."

"पावत्या?"

"भेटीच्या वस्तूंच्या कसल्या पावत्या?"

"बरं. मग मुलाचं पत्र लागेल. तो सज्ञान, वस्तू त्याच्या. वस्तू कोणत्या आणि तुम्हाला तक्रारीचा अधिकार दिला, एवढं त्यानं दोन ओळींत लिहून सही करायची. बोटीवरून हल्ली ई-मेल येतो. कधीपर्यंत मागवाल?"

वाचनालयात कुणीतरी पेपरचं पान उलटलं. मी टेबलावरच्या पेन्सिलीकडं बघत बसलो. मागं सांगितलेली बंदरं होती, वादळं होती, एकदा तर मी त्याच्या बोटीखालून देवमासा नेला होता. ते सगळं तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. सही लागणार होती.

"तो सही करू शकणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"नाही तो. एकोणिसाव्या वर्षी गेला. मेंदूज्वर. तीन दिवसांत."

"आणि बोट?"

"बोट नाही."

वृंदाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता ह्या बाई मला बाहेर काढतील. त्यांनी नवा कागद घेतला आणि वर लिहिलं, 'वस्तूंचे मालक : कै. शिरीष मुकुंद उदगीरकर.' मग म्हणाल्या, "किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आता ट्रंकेत काय होतं ते सांगा. सावकाश सांगा, मला सहापर्यंत वेळ आहे."

आणि मला सांगता येईना. पॉलिटेक्निकच्या वसतिगृहातून ती ट्रंक घरी आली त्या दिवशी मी किल्ली देवघरात ठेवली होती. नंतर मी ती कधी उघडलीच नव्हती. "घरी विचारावं लागेल," मी म्हणालो.

*

संध्याकाळी कुमुद शेंगा निवडत बसली होती. मी समोर पाट घेऊन बसलो. असं आम्ही समोरासमोर बसायची सवय मोडली होती. मी बाहेर बोलायचो, घरात जेवायचो.

"शिरीषच्या ट्रंकेत काय काय होतं?"

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय म्हणालात?"

"ट्रंकेत काय होतं ते लिहून द्यायचंय."

"नाही, त्याच्या आधी काय म्हणालात?"

"शिरीषच्या म्हणालो."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग सांगायला लागली. न अडखळता, जसं काही काल आवरून ठेवलं आहे. ड्रॉइंगचा मिनी ड्राफ्टर, हिरव्या पिशवीत. वर्कशॉपचा खाकी ॲप्रन, खिशाला ग्रीसचा डाग. माउथ ऑर्गन, एक पट्टी बसलेली. मेसचं कार्ड, त्यावर जुलै महिन्याचे बारा दिवस पंच केलेले. गुंडाळलेल्या शीटा सात.

"बाराच दिवस?"

"तेराव्या दिवशी ताप आला ना."

"माउथ ऑर्गन त्याला कुणी शिकवला?"

"कुणी नाही. संडासात बसून वाजवायचा, तुम्ही ओरडू नये म्हणून." आणि ती हसली. मीही हसलो.

"आणखी काही?"

"एक स्वेटर होता. मी विणत होते तो. राखाडी." ती पुन्हा शेंगांकडं वळली. "तो नका लिहू."

"का?"

"अर्धाच आहे. अर्ध्या वस्तूला काय म्हणून लिहायचं."

ती यादी मी ताईंना नेऊन दिली. पुढच्या आठवड्यात एक दिवस मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. कुमुदनं विचारलं, कुठं? म्हटलं, पोस्टात. पत्र वृंदाताईंनी दीड पानात आणलं होतं. काय भरलं, काय आलं, काय आलं नाही. मागणी साधी. पंधरा दिवसांत ट्रंक शोधून द्या, नाहीतर ती कुणाच्या हातून आणि कशी गेली ते लेखी कळवा. न कळवल्यास ग्राहक मंचाकडे जाऊ. अकरा पानांत जे बसलं नव्हतं ते त्या दीड पानात बसलं होतं. विशेषण एकही नव्हतं.

रजिस्टर्ड पोस्टानं एक प्रत परभणीला, एक मुख्य कचेरीला. पोचपावत्या आल्या त्या मी पंचांगात ठेवल्या. रोज संध्याकाळी कुमुदला हकीकत सांगायचो. आज ताईंनी स्मरणपत्र लिहिलं. आज मुख्य कचेरीतून फोन आला, साहेब फार गोड बोलत होता. मधेच शिरीष यायचा. तो पहिल्यांदा सायकलवरून पडला तो पूल कुठला, त्याला कारलं का चालायचं आणि दोडका का नाही. महिनाभर आमच्या घरात तो इतका वावरला की एकदा कुमुदनं चुकून तीन ताटं घेतली. आम्ही दोघांनी ती बघितली. तिसरं तिनं तसंच राहू दिलं.

एकदोनदा फोन वाजला आणि मी उठायच्या आत तिनं घेतला. दबक्या आवाजात बोलली. "कोण?" म्हटलं तर म्हणाली, "राँग नंबर."

*

तक्रार पोस्टात टाकल्यापासून बाविसाव्या दिवशी पत्र आलं. जाड लिफाफा, आत कंपनीचा शिक्का मारलेलं पत्र आणि भरपाईचा चेक. कुमुद स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी दारात उभं राहून मोठ्यानं वाचायला घेतलं. स्टँडावर घोषणा करायचो त्या आवाजात.

"'आपल्या तक्रारीची आम्ही अत्यंत गंभीर दखल घेतली आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल कंपनी दिलगीर आहे. चौकशीअंती असे आढळले की, सामान भरतेवेळी मुकादमाने नग न मोजता यादीवर खुणा केल्या. तसे त्याने लेखी कबूल केले आहे. सबब संबंधित मुकादम श्री. लिंबाजी गाडेकर यांना सेवेतून कमी करण्यात आले आहे.' बघ! ह्याला म्हणतात तक्रार. ताईंना पेढे दिले पाहिजेत."

थापायचा आवाज थांबला होता.

"परत वाचा," कुमुद म्हणाली.

"काय?"

"ते शेवटचं. नावाचं."

मी वाचलं. तिनं हात धुतले नाहीत. पिठाच्याच हातानं आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि बाहेर येऊन तिनं माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत राखाडी लोकर होती. दोन सुयांवर अडकलेला अर्धा स्वेटर.

"हा ट्रंकेत होता ना?" मी म्हणालो.

"होता. मी काढून घेतला. बाकी ट्रंक दिली."

"कुणाला?"

"रफिकभाईंच्या नाझियाला. पॉलिटेक्निकला नंबर लागला होता तिचा. ड्राफ्टरसाठी ते जुन्या बाजारात फिरत होते."

आमच्या परभणीच्या घरासमोर रफिकभाई शिंप्यांचं दुकान होतं. नाझिया आमच्या ओट्यावर खेळत वाढली.

"कधी दिलीस?"

"तुम्ही गोष्ट सांगत होता तेव्हा."

"बिबट्याची?"

"नाही. त्याच्या नंतरची. बोटीची." ती भिंतीला टेकून खाली बसली. "मी आत स्वयंपाकघरात भांडी बांधत होते. तुम्ही त्या माणसांना म्हणत होता, ती निळी ट्रंक जपून चढवा बरं, कॅप्टनसाहेबांची आहे, दिवाळीला येणार आहेत ते. ते हसत होते. तुम्हीही हसत होता. अहो, अकरा वर्षं तुम्ही घरात त्याचं नाव घेतलं नाही. मी काढलं की ताटावरून उठायचात. आणि बाहेर तो दिवाळीला येणार. मला वाटलं, ही ट्रंक तिकडं आली की तिकडंही तेच. तिथल्या लोकांनाही तो दिवाळीला येणार."

तवा तापून धूर यायला लागला होता. आम्हा दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"लिंबाजी आत आला तेव्हा मी म्हटलं, एकतीस नंबर गाडीत घालू नका. तो म्हणाला, साहेबांना विचारतो. मी म्हटलं, ज्याची ट्रंक तो नाही हो आता. त्याला वाटलं, दूरदेशी आहे म्हणून म्हणते. मग मी नीट सांगितलं. तो तसाच उभा राहिला. बाहेर तो आताच हसून आला होता ना. मग खांद्यावर घेतली त्यानं ट्रंक, मागच्या दारानं रफिकभाईंकडं पोचवली. म्हणाला, यादीचं काय करू? मीच म्हटलं, टिक करा. साहेबांना आत्ता कळायला नको. पोचल्यावर मी सांगते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी भ्याले. तुम्ही ट्रकात चढलात ते बघून." तिनं पदरानं पीठ पुसलं. "मग तुम्ही पाट घेऊन समोर बसलात. म्हणालात, शिरीषच्या ट्रंकेत काय होतं. मग कसं सांगू? लिंबाजीचे दोनदा फोन आले. म्हणाला, ताई, कंपनी विचारायला लागलीय. मी म्हटलं, चार दिवस थांबा दादा, सांगते. तो म्हणाला, बरं. दुसऱ्यांदाही बरंच म्हणाला."

हातातलं पत्र मी घडी घालून पंचांगात ठेवलं. पोचपावत्यांच्या शेजारी.

*

शुक्रवारी मी वृंदाताईंकडं गेलो. पेढे नेले नाहीत. सगळं सांगितलं आणि म्हटलं, तक्रार मागं घ्यायचीय, पत्र मीच लिहून आणलंय. त्यांनी वाचलं. एकच पान होतं. 'ट्रंक हरवली नव्हती. माझ्या पत्नीच्या सांगण्यावरून मुकादमाने ती शेजारी पोचवली. "माझ्या समक्ष मोजून" असे मी लिहिले ते खरे नाही. मी समक्ष होतो, बघत नव्हतो. गोष्ट सांगत होतो. गाडेकर यांना कामावर परत घ्यावे.'

लाल पेन्सिल हातात घेऊन त्या सबंध पानावरून खाली गेल्या आणि पेन्सिल तशीच ठेवून दिली.

"ह्यात खोडण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. मग, "पोस्टानं नका पाठवू. स्वतः जा."

आम्ही दोघं गेलो. कुमुद रफिकभाईंकडं उतरली, मी कंपनीच्या परभणी शाखेत. मॅनेजर तरतरीत, तिशीचा. पत्र वाचता वाचता त्याच्या ओठाच्या कडेला हसू यायला लागलं.

"काका, तुम्ही बिबट्यावाले ना? आमचे वडील सांगतात तुमच्या गोष्टी."

"ही गोष्ट नाही."

"कळलं हो. मुकादमाची दया आली तुम्हाला. पण त्याला वाचवायला काय बहारदार रचलंत! बायको, ट्रंक, मागचं दार..."

"माझ्या पत्नीला घेऊन येतो. रफिकभाईंना आणतो. ट्रंक आणून दाखवतो."

"काका," तो जरा गंभीर झाला, "त्यानं स्वतः लिहून दिलंय, हसण्या-बोलण्यात मोजणी चुकली म्हणून. आता त्याच्या सहीचं खरं धरू की तुमच्या सांगण्याचं? फाइल बंद झाली. दुसरा मुकादम आला. चेक वटवा आणि मजेत राहा."

चेक मी त्याच्या काचेखाली सरकवला. तो हसतच होता. माझी एवढी वर्षं गेली गोष्टी सांगण्यात. आजही ऐंशी ओलांडल्यावर पोरं जमली की सांगतो. लोक बिबट्यावर विश्वास ठेवतात. लिंबाजीची खरी हकीकत सांगितली तर ठेवत नाहीत.

*

लिंबाजी मोंढ्यात सापडला. धान्याच्या बाजारात, एका अडत्याच्या वखारीपुढं. हरभऱ्याची पोती ट्रकमधून उतरत होती आणि तो पाठीवर पोतं घेऊन फळीवरून खाली येत होता. आता मुकादम नव्हता. मला बघून त्यानं पोतं थप्पीला लावलं, टॉवेलनं मान पुसली.

"साहेब, तुमी? ताई बऱ्या हायत ना?"

आधी त्यानं हे विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. पत्र दाखवलं, मॅनेजरचं सांगितलं. त्यानं पत्र हातात घेतलं नाही, हात मळले होते म्हणून.

"कशाला एवढ्या लांब आलाव साहेब?"

"तू लिहून का दिलंस? खरं सांगायचं होतंस. नोकरी गेली नसती."

"खरं सांगाया गेलो असतो तर त्यांनी तुमाला फोन केला असता. ताईंनी तुमाला सांगायच्या आधी कंपनीनं सांगितलं असतं. ते बरं दिसलं नसतं." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "आन् आमी हसलोच होतो की साहेब. कॅप्टनसाहेब म्हणून. मंग आत ताईंनी सांगितलं. ते हसलेलं लई दिस टोचत होतं बगा."

मी पैसे काढायला खिशात हात घातला तर त्यानं तो वरच्यावर धरला. "न्हाई. ते न्हाई करायचं. चहा पाजा, पेतो."

चहा आला. बाकीचे हमालही टेकले. कुणीतरी मला ओळखलं. "आरं, हे बिबट्यावाले काका!"

"साहेब," लिंबाजी म्हणाला, "पोरीकडं ट्रंक बघितली का?"

"येताना दुरून बघितली. दाराशीच ठेवलीय तिनं."

"वर लिवलेलं तुमच्या पोराचं नाव?"

"तसंच आहे. खोडलं नाही."

"मीच म्हटलं होतं तिला, नाव राहू दे." त्यानं कप खाली ठेवला. "आता सांगा, त्या बिबट्याला तिकीट पुरं लागलं का अर्धं? त्या दिशी तुमी मधीच बोटीची सुरू केली आन् शेवट ऐकायचा राहिला."

"लिंबाजी, आता गोष्ट नको."

"सांगा हो. हे समदे बसल्यात. सकाळधरनं पोती वाहायलेत."

आणि मी सांगितली. पोत्यावर बसून, जिंतूरच्या घाटापासून. तिथंच मला शेवट सुचला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कंडक्टर म्हणाला, शेपटी धरून लांबी मोजली तर पूर्ण, नाही धरली तर अर्धं. आणि बिबट्या उठून दुसऱ्या प्रवाशांना म्हणाला, एवढा हिशेब करणारा माणूस मी खाणार नाही, उतरतो. हमाल पोट धरून हसले. एकाच्या तोंडातला चहा बाहेर आला. अडत्या गादीवरून उठून बघायला आला.

लिंबाजी हसला नाही. तो आमच्याकडं पाठ करून थप्पीपाशी उभा होता. एकेका पोत्याला बोट लावत, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होता. शेवटच्या पोत्यापर्यंत जाऊन तो वळला.

"हसलो असतो साहेब," तो म्हणाला, "पर मोजणी चुकती."